क्यांतीतल्या द्राक्षबागेत मुक्काम: बेत आखण्यापासून बाटली घरी आणेपर्यंत

फ्लॉरेन्सहून दक्षिणेला सिएनाकडे जाणारा क्यांतिजाना हा जुना रस्ता टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून वळणं घेत जातो. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी, अधेमधे ऑलिव्हची राखाडी-हिरवी झाडं आणि वरच्या अंगाला ओकचं रान. ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेल्लिना, राद्दा, गायोले ही इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या क्यांती या वाइनच्या पट्ट्यातली गावं. त्यांच्या आसपास दगडी शेतघरं विखुरलेली आहेत. तिथला शेतकरी स्वतःची द्राक्षं पिकवतो, तळघरात वाइन करतो आणि घराच्या काही खोल्या पाहुण्यांना देतो. अशा मुक्कामाला इटलीत आग्रितुरिझ्मो म्हणतात.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान अशा धावत्या सहलीत एका रात्रीपुरता हा मुक्काम घुसवू नका, हे आधीच सांगते. दुपारी चारला पोचून सकाळी नऊला निघालात तर हाती फक्त एक महागडी खोली लागेल. किमान तीन रात्री काढा, चार मिळाल्या तर उत्तम. त्यातला एक अख्खा दिवस कुठेही न जाता शेतावरच घालवा.

आधी शेत, मग पाहुणचार

इटलीने या मुक्कामांसाठी १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि २००६ मध्ये ९६ क्रमांकाच्या नव्या कायद्याने तो बदलला. त्याचं सूत्र असं की पाहुणे ठेवणारा मुळात शेतकरी असला पाहिजे आणि शेती हेच त्याचं मुख्य काम राहिलं पाहिजे. ताटात येणारे पदार्थही बव्हंशी स्वतःच्या शेतातले आणि त्याच भागातले असावे लागतात. नेमकं प्रमाण प्रत्येक प्रांत ठरवतो.

पाहुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. रात्री अकराला चावी द्यायला कोणी बसलेलं नसतं. सकाळी सातला खिडकीखालून ट्रॅक्टर जातो. पाऊस येणार असेल तर तळघर दाखवायची ठरलेली वेळ पुढे ढकलली जाते, कारण फवारणी किंवा तोडणी आधी उरकायची असते. हॉटेलच्या अपेक्षा घेऊन जाणाऱ्याला हे खटकतं. शेतावर राहायलाच आलोय असं धरून जाणाऱ्याला याचीच गोडी लागते.

कधी जायचं

हा निर्णय शेताचं वेळापत्रक पाहून घ्या, स्वस्त विमान तिकीट पाहून नको.

आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बागेत एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात आणि माल साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. टस्कनीत कडाक्याच्या थंडीत वेल पूर्ण झोपतो. हिवाळ्यात एकदाच छाटणी आणि शरदात एकच तोडणी. मार्चअखेर-एप्रिलमध्ये वेलाचे डोळे फुटून कोंब येतात. त्यानंतर महिनाभर शेतकऱ्याला उशिराच्या दहिवराची, म्हणजे गोठलेल्या दवाची, धास्ती असते. जूनच्या सुरुवातीच्या आसपास फुलोरा येतो. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये हिरवे मणी जांभळे होऊ लागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मे महिन्याचा दुसरा पंधरवडा किंवा जून सुचवेन. हवा सुखाची असते, दिवस रात्री नऊपर्यंत उजेडाचा असतो आणि घरच्यांना बोलायला सवड असते. जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन भाजून काढतं, दर चढलेले असतात आणि बरीच शेतघरं शनिवार ते शनिवार अशा पूर्ण आठवड्याखेरीज जागा देत नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्राक्षतोडणी चालते. सगळ्यांना याच काळात जायचं असतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, घरातली सगळी माणसं पहाटेपासून बागेत आणि रात्री तळघरात असतात, तुमच्याकडे पाहायला त्यांना वेळ नसतो. दोन, 'आम्हीही दोन तास द्राक्षं तोडू' हे सहजासहजी होत नाही. इटलीत कराराशिवाय कोणाला शेतात राबवणं हा गुन्हा ठरू शकतो आणि पर्यटक व्हिसावर काम करण्याची मुभा नसते. काही ठिकाणी पाहुण्यांसाठी थोड्या ओळी राखून रीतसर अनुभवाचा कार्यक्रम ठेवतात. तो आहे का, हे बुकिंगआधी लेखी विचारून घ्या.

आणि नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या शेवटापासून ऑलिव्हची तोडणी सुरू होते आणि घाण्यातून ताजं तेल येतं. हिरवंगार, घशाला झणका देणारं. भाजलेल्या पावावर लसूण घासायचा, वरून तेलाची धार आणि मीठ. माझ्या लेखी क्यांतीतलं सगळ्यात चांगलं जेवण ते. मात्र नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत पुष्कळ शेतघरं बंद असतात आणि चालू असलेल्या ठिकाणी खोली तापवण्याचे पैसे वेगळे लागू शकतात.

जागा निवडताना

संकेतस्थळावर द्राक्षांचे फोटो असले म्हणजे तिथे वाइन होतेच असं नाही. कित्येक शेतकरी आपली द्राक्षं सहकारी संस्थेला किंवा मोठ्या कंपनीला विकतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: वाइन याच जागी तयार होते का, आणि बाटल्याही इथेच भरल्या जातात का? लेबलवर 'इम्बोत्तिल्यातो आल्लोरिजिने' असे शब्द असतील तर बाटली मूळ उत्पादकानेच भरलेली आहे. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा दिसला तर ती क्यांती क्लासिको. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या उत्पादक संघाचं ते चिन्ह आहे. नुसतं 'क्यांती' लिहिलेली वाइन टस्कनीच्या बऱ्याच मोठ्या प्रदेशातून येते, ती वेगळी.

दुसरी तपासणी कागदोपत्री. इटलीत आता प्रत्येक निवासाला राष्ट्रीय ओळख क्रमांक असतो. त्याला 'चिन' (CIN) म्हणतात आणि तो जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. तो दिसत नसेल तर विचारा, टाळाटाळ झाली तर पुढची जागा पाहा. आग्रितुरिझ्मोंची प्रतवारी ताऱ्यांऐवजी सूर्यफुलांनी होते, एक ते पाच. सूर्यफुलं सोयी मोजतात, वाइनचा किंवा माणसांचा दर्जा नव्हे.

पैसे भरण्याआधी ईमेलवर हे विचारून घ्या: खोली आहे की स्वयंपाकघरासह घर? एसी आहे का? जाड दगडी भिंती असल्या तरी हल्लीच्या उन्हाळ्यात त्यांच्या भरवशावर राहू नका. खिडक्यांना जाळ्या आहेत का? शेवटच्या साफसफाईचे वेगळे पैसे आहेत का? रात्रीचं जेवण कोणत्या वारी मिळतं? डांबरी रस्ता कुठे संपतो? आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का?

दोघांच्या खोलीचा दर नाश्त्यासह साधारण १०० ते १८० युरो धरा. हंगाम आणि पोहण्याचा तलाव यांनुसार तो वरखाली होतो. शिवाय गावाचा पर्यटक कर माणशी दर रात्री काही युरो असतो आणि तो अनेकदा रोखच मागतात.

व्हिसा आणि कागदपत्रं

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. मे-जूनच्या प्रवासासाठी भेटीची वेळ मिळणंच कठीण जातं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. प्रौढांचं शुल्क सध्या ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शेतघराकडून घेतलेल्या पत्रावर सगळ्या प्रवाशांची नावं पासपोर्टप्रमाणे, तारखा, पूर्ण पत्ता आणि तो ओळख क्रमांक असू द्या. छोटे शेतकरी 'बुकिंग झालं, या' एवढं एका ओळीत कळवतात. व्हिसासाठी ते पुरत नाही.

गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो एक वर्ष चालतो आणि सोबत मूळ परवानाही बाळगावा लागतो.

पोचायचं कसं

गाडीशिवाय हे जमतं का? ग्रेव्हे किंवा राद्दा गावाला चालत जाता येईल इतक्या जवळची जागा घेतली तर जमतं. फ्लॉरेन्सहून ग्रेव्हेला बस आहे आणि प्रवास तासाभराचा आहे. पण रविवारी आणि सणासुदीला बस तुरळक असतात आणि टॅक्सी बोलावली तर खिसा हलका होतो.

गाडी घेणार असाल तर ती फ्लॉरेन्सच्या विमानतळावर घ्या. रोमहून किंवा मिलानहून वेगवान रेल्वेने दीड-दोन तासांत फ्लॉरेन्स गाठा, मुख्य स्थानकाजवळून ट्रामने विमानतळावर जा आणि तिथून थेट गावाकडे निघा. शहराच्या मधोमध गाडी ताब्यात घेऊ नका. फ्लॉरेन्स आणि सिएना दोन्हीकडे जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत. लाल गोल पाटी आणि कॅमेरा असतो, अडवायला कोणी नसतं. चुकून आत शिरलात तर दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि गाडीची कंपनी वर स्वतःचं शुल्क लावते. सिएना पाहायला जाल तेव्हा तटाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावून चालत आत जा.

गाडी लहान घ्या. स्वयंचलित गिअरची हवी असेल तर खूप आधी सांगून ठेवा. गाडी उजवीकडून चालवायची. शेतघराचा शेवटचा एक-दोन किलोमीटर बहुधा पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता असतो, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा. अंधार पडल्यावर रानडुकरं आणि हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा पहिल्या दिवशी तरी उजेडात पोचा. येताना गावातल्या दुकानातून दूध, फळं, पाव घेऊन या, कारण शेतापाशी काही मिळत नाही. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात.

पोचल्यावर

उशीर होत असेल तर फोन करून कळवा, घरातलं कोणीतरी कामं सोडून तुमच्यासाठी थांबलेलं असतं. पासपोर्ट मागतील. पाहुण्यांची नोंद २४ तासांत पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

संडासात बिडे (बसून धुण्याचं बुटकं बेसिन) असतो पण जेट क्वचितच, तेव्हा एक छोटा मग सोबत असू द्या. बागेत मनसोक्त फिरा, पण ओळीतून जाताना काड्या आणि तारांना धरू नका आणि घड तोडून चाखू नका. द्राक्षांवर गंधक आणि मोरचूद फवारलेलं असतं आणि प्रत्येक घडाचा हिशेब असतो. क्यांती क्लासिकोच्या नियमानुसार हेक्टरी ७.५ टनांपेक्षा जास्त द्राक्ष घेता येत नाही, म्हणजे एकरी जेमतेम तीन टन. खाण्याच्या द्राक्षांत एकरी दहा-बारा टनांची भाषा करणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे ऐकून नवल वाटतं. घड मुद्दाम काढून टाकले जातात, म्हणजे उरलेल्यांत रस दाट उतरतो. शेतकरी असाल तर हे मालकाला जरूर विचारा, बोलणं तासभर थांबणार नाही.

शरदात जंगलात शिकारीचा हंगाम असतो. रानातल्या वाटेने फिरायला जाताना भडक रंगाचे कपडे घाला आणि आज कुठे शिकार आहे का, हे घरच्यांना विचारून निघा.

जेवण

शाकाहारी माणसाची टस्कनीत उपासमार होत नाही, पण न सांगता जाऊ नका. बुकिंग करताना लिहा आणि पोचल्यावर पुन्हा सांगा: 'नोन मांजामो ने कार्ने ने पेशे', आम्ही मांस आणि मासे खात नाही. अंडं चालत नसेल तर 'सेन्त्सा उओवा' जोडा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मांसाच्या रश्श्यात शिजवलेली भाजी प्रेमाने पुढे येऊ शकते.

शिळा पाव, काळी कोबी आणि पांढरा घेवडा यांचं दाट सूप म्हणजे रिबोल्लिता, टोमॅटो-पावाची पाप्पा आल पोमोदोरो, उन्हाळ्यातली पावाची कोशिंबीर पान्झानेल्ला, हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखी पीची हे पदार्थ आपल्या जिभेला रुचतात. रिबोल्लिताच्या फोडणीत डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, तेवढं विचारा. काळसर लेप लावलेले पावाचे तुकडे आले तर ते कोंबडीच्या काळजाचे असतात. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, कट्टर शाकाहाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या.

भारतातून नेताना एक नियम काटेकोर पाळा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्या आणि कढीपत्ताही नको. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डाळ-तांदूळ सुखाने न्या. फोडणी करताना खिडक्या उघडा.

रात्रीचं जेवण आठच्या आत सुरू होत नाही. काही घरी सगळे पाहुणे एकाच लांब टेबलावर बसतात आणि मालकीणबाई स्वतः वाढतात. अशा जागी एक रात्र तरी जेवाच. टस्कनीचा पाव अळणी असतो. त्यात मीठ नाही म्हणून मागवू नका, खारट चीज आणि तेलाबरोबर तो बरोबर जमतो.

तळघर आणि चव

राहत्या जागीच वाइन चाखण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे नंतर गाडी चालवावी लागत नाही. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि परवान्याला तीन वर्षं न झालेल्यांसाठी शून्य. दिवसाला तीन-चार वाइनघरं पालथी घालण्याचा बेत त्यामुळेही सोडून द्या. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून घ्या आणि रिकाम्या पोटी जाऊ नका.

क्यांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोव्हेझे हे काळं द्राक्ष लागतं. पूर्वी त्यात पांढरी द्राक्षंही मिसळत. गायोलेजवळच्या ब्रोलिओ किल्ल्याचे मालक आणि इटलीचे पंतप्रधान झालेले बेत्तीनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये मांडलेल्या मिश्रणात माल्व्हासिया हे पांढरं द्राक्ष होतं. २००६ पासून पांढरी द्राक्षं पूर्ण वगळली गेली.

तोडणीच्या दिवसांत तळघरात जायला मिळालं तर टाकीकडे नीट पाहा. देठं काढलेले मणी फुटून आंबू लागतात, तसतशी सालं वर येऊन जाड थर धरतात. रंग आणि तुरटपणा त्या सालांत असतो, म्हणून खालचा रस पंपाने वर घेऊन थरावर पुन्हापुन्हा ओततात. पाइपमधून जांभळा रस कोसळतो, फेस उसळतो आणि सगळ्या तळघरात पिकल्या फळांचा आंबूस दरवळ भरून राहतो. टाकीवर वाकून मात्र डोकावू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याने माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो.

त्यानंतर वाइन लाकडात मुरते. काहींकडे भलीमोठी जुनी पिंपं असतात, काहींकडे २२५ लिटरची छोटी फ्रेंच बॅरलं. छोट्या नव्या बॅरलात लाकडाचा वास जास्त उतरतो, मोठ्या पिंपात फळाची चव मोकळी राहते. मला दुसरी पद्धत आवडते, पण दोन्ही चाखून तुमचं तुम्ही ठरवा.

साधी क्यांती क्लासिको किमान १२ महिने, रिझेर्व्हा २४ महिने आणि ग्रान सेलेत्सिओने ३० महिने मुरवलेली असते. याच क्रमाने चाखा. पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग पाहा, गोल फिरवून वास घ्या, मग छोटा घोट तोंडभर खेळवा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकणं अजिबात असभ्य नाही. गोड वाइनची सवय असलेल्याला सांजोव्हेझे पहिल्या घोटाला आंबट आणि तुरट लागते. पेकोरिनो चीजचा तुकडा आणि तेलात बुडवलेला पाव खाऊन दुसरा घोट घ्या. तुरटपणा लगेच मवाळ होतो आणि चेरीसारखी चव पुढे येते.

शेवटी विन सांतोबद्दल आवर्जून विचारा. ही गोड वाइन करण्यासाठी पांढरी द्राक्षं तोडून माळ्यावर टांगतात किंवा चटयांवर पसरतात आणि हिवाळ्यापर्यंत सुकवतात. मग निघालेला थोडासा दाट रस छोट्या पिंपांत भरून तोंड बंद करतात आणि ती पिंपं छपराखालीच काही वर्षं उन्हाळे-हिवाळे सोसत ठेवून देतात. घरच्यांनी तो माळा दाखवायचं कबूल केलं तर बाकीचे बेत रद्द करून जा.

तुम्ही पीत नसाल तरी संकोच नको. तेलाची चव घेण्याचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी असतो, तळघर सगळ्यांसाठी खुलं असतं.

बाटल्या घरी आणताना

शेतावर बाटली गावातल्या दुकानापेक्षा स्वस्त असेलच असं नाही, पण तिथे जुन्या वर्षाच्या थोड्या बाटल्या शिल्लक असतात, त्या विचारा. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसऱ्या बाटलीवर मर्यादेबाहेरच्या भागाचं शुल्क भरावं लागतं. कुरिअरने भारतात मागवण्याच्या फंदात पडू नका, वाहतूक आणि शुल्क मिळून बाटलीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येकी वेगळ्या पिशवीत गुंडाळून ठेवा. तेल काचेच्या बाटलीऐवजी पत्र्याच्या डब्यात घ्या.

घरी आल्यावर बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळावर उभी ठेवू नका. मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात ती तिथे खराब होईल. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि वर्षभरात संपवा. प्यायच्या बरीच आधी बाहेर काढून ठेवली की ती हळूहळू १६ ते १८ अंशांवर येते. सोबत भरलं वांगं आणि भाकरी चांगली जमते.